अंगचा रंग, उन्हाचा रंग

रेडिओवर रंगांविषयी बोलाल का, अशी विचारणा झाली तेव्हा मला आधी हसूच आलं. जिथं काही दिसत नाही, तिथं रंगांबद्दल काय बोलायचं? पण थोडा विचार केल्यावर वाटलं, या विषयाला याहून चांगली जागा नाही. आता बघा, मी नुसतं 'टोमॅटो' म्हटलं आणि तुमच्या मनात लाल रंग आला. 'केळीचं पान' म्हटलं, हिरवा आला. 'कावळा' म्हटलं, काळा आला. मी एकाही रंगाचं नाव घेतलं नव्हतं. तो टोमॅटो उन्हात आहे की फडताळात, पान ओलं आहे की धुळीनं माखलेलं, दिवस आहे की रात्र, हे तुम्ही विचारलंही नाही. वस्तूचं नाव आलं आणि तिच्या पाठोपाठ रंग आला.

या पाठोपाठ येणाऱ्या रंगाला चित्रकार मंडळी 'लोकल कलर' म्हणतात. आम्हा लिहिणाऱ्या लोकांचा या शब्दानं गोंधळ उडतो. कथा-कादंबरीत लोकल कलर म्हणजे त्या त्या मुलखाची बोली, जेवणखाण, जत्रा. चित्रकलेत अर्थ अगदी वेगळा आहे. फार ऊन नाही, गडद सावली नाही, अशा साध्या, पांढऱ्या, सगळीकडून सारख्या पडलेल्या उजेडात वस्तूचा जो रंग दिसतो, तो तिचा लोकल कलर. मी त्याला 'अंगचा रंग' म्हणतो. अंगचे गुण म्हणतो ना आपण, तसा.

हा शब्द माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे. अब्बा कोल्हापुरात रंगारी होते. जुन्या साड्या, ओढण्या, ब्लाउजपीस रंगवून देण्याचं आमचं लहानसं दुकान होतं. कापड हातात घेतलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "याचा अंगचा रंग कोणता?" कारण पिवळं कापड निळ्या रंगात बुडवलं तर ते निळं होत नाही, हिरवं होतं. गुलाबी कापड निळ्यात घातलं तर जांभळ्याकडे झुकतं. वरून काय चढवायचं, हे खाली काय आहे त्यावर ठरतं. पुढं चित्रकार मित्रांच्या संगतीत आलो तेव्हा कळलं, चित्रकाराचाही पहिला प्रश्न हाच असतो. फरक इतकाच, की रंगाऱ्याच्या कापडावर रंग चढतो आणि चित्रकाराच्या वस्तूवर उजेड चढतो.

मी चित्रकार नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रविवारी रंकाळ्यावर निसर्गचित्रं काढायला बसणाऱ्या मित्रांच्या मागं चहाचा थर्मास घेऊन बसायचो, एवढीच माझी चित्रकलेतली तालीम. पण रंगाऱ्याचा मुलगा असल्यानं एक गोष्ट लहानपणीच शिकलो होतो. आमच्या दुकानात ट्यूबलाइट होती. साडीला जुळणारा ब्लाउजपीस रंगवून झाला की अब्बा साडी आणि तुकडा दोन्ही माझ्या हातात देत आणि म्हणत, "बाहर उजाले में लेजाको देख." मी पायरीवर जाऊन बघायचो. आत तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर उन्हात कधी कधी एकमेकांचं तोंड बघायला तयार नसत!

याचं कारण असं. वस्तू स्वतः रंग तयार करत नाही. तिच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग ती शोषून घेते, उरलेला परत पाठवते. तो परत आलेला उजेड आपल्या डोळ्यात शिरतो आणि त्याला आपण रंग म्हणतो. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड जास्त शोषतं, हिरवा त्या मानानं कमी. म्हणून पान हिरवं. पण सगळे उजेड सारखे नसतात. दुपारचं ऊन, ट्यूबलाइट, कंदील, प्रत्येकात तांबड्या-निळ्याचं माप वेगळं. त्यामुळं दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं एका उजेडात सारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात त्यांचं भांडण लागतं.

म्हणजे रंगाला तीन धनी असतात. एक वस्तू, दुसरा उजेड आणि तिसरा बघणारा डोळा. अंगचा रंग म्हणजे यातल्या एकट्या वस्तूचा वाटा.

आपली भाषा मात्र बहुतेक वेळा वस्तूच्याच बाजूनं बोलते. मराठीतली रंगांची नावं आठवा. डाळिंबी, अबोली, वांगी, पोपटी, मोरपंखी, विटकरी, शेवाळी, बदामी, राखाडी, गव्हाळ. सगळी वस्तूंची नावं. आपण रंग ओळखतो तो वस्तूच्या ओळखीनं. साड्यांच्या दुकानात एकच नाव मला असं आठवतं, ज्यात उजेड आहे, ते म्हणजे धूपछाव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. पदर हलला की कधी हा दिसतो, कधी तो.

आता वस्तूकडून उजेडाकडे जाऊ. अंगणातलं आंब्याचं झाड घ्या. त्याचं पान हिरवं, हा झाला अंगचा रंग. पण सकाळी झाडाखाली उभं राहून वर पाहिलं, तर ऊन पानातून आरपार येतं आणि पान पिवळं-पोपटी होऊन पेटल्यासारखं दिसतं. तेच पान वरच्या अंगानं पाहिलं, तर त्याच्या तुकतुकीत पाठीवर आभाळ पडलेलं असतं; तिथं ते करडं-निळसर, कधी तर चक्क पांढरं. फांदीच्या आतल्या बाजूचं पान काळपट हिरवं. संध्याकाळी सगळ्या झाडावर तांबूस झाक. पान तेच, अंगचा रंग तोच आणि डोळ्याला दिसणारे रंग पाच.

दुसरं उदाहरण अंतराचं. पावसाळा संपता संपता पन्हाळ्याच्या तटावर उभं राहून पश्चिमेकडं पाहा. पायाखालचा उतार हिरवागार. त्यापलीकडची डोंगराची ओळ निळसर हिरवी. तिच्यापलीकडची निळी. शेवटची तर आभाळात विरघळत आलेली. प्रत्येक डोंगरावर गवत आणि झाडी थोडीफार सारखीच असते. पण मधली हवा निळा उजेड जास्त विखुरते आणि तो निळा पडदा अंतराबरोबर दाट होत जातो. दुरून डोंगर साजरे म्हणतो आपण. त्या साजरेपणात हवेचा मोठा हात आहे. शाळकरी पोर शेवटचा डोंगरही पहिल्याइतकाच हिरवा रंगवतं आणि मग सगळे डोंगर एका रांगेत येऊन उभे राहतात.

तिसरं उदाहरण सावलीचं. नवशिका सावलीसाठी काळा रंग उचलतो. पण उघड्यावरच्या सावलीत ऊन पोचत नसलं, तरी निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. म्हणून पांढऱ्या भिंतीवरची झाडाची सावली निरखून पाहिली तर निळसर जांभळी दिसते. शिवाय शेजारचं शेजाऱ्यावर पडतं. हळदी रंगाची साडी नेसलेली नवरी उन्हात बसली की तिच्या हनुवटीखाली पिवळी झाक येते. ती हळदीची नसते, साडीची असते. पांढरा रंग यात सगळ्यात मोठा गुरू. त्याला अंगचा म्हणावा असा रंगच नाही, त्यामुळं तो भोवतालच्या प्रत्येकाचा रंग घेतो.

मग हे सगळं आपल्याला रोज का दिसत नाही? कारण आपला मेंदू फार कामसू आहे. पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद पिवळाच असतो, पण मेंदू दिव्याचा पिवळेपणा वजा करून टाकतो आणि कागद पांढरा असल्याचं आपल्याला सांगतो. जगायला हे सोयीचं आहे. नाहीतर संध्याकाळी आपलीच गाय आपल्याला ओळखू आली नसती. पण हा हिशेब कधी कधी चुकतो. २०१५ साली इंटरनेटवर एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला. काहींना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. एका घरात, एकाच पडद्यासमोर बसलेल्या माणसांची भांडणं झाली. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळाच होता. पण फोटोत उजेड कसा आहे याचा अंदाज प्रत्येकाच्या मेंदूनं वेगळा केला आणि वजाबाकी वेगळी आली.

चित्रकाराला ही वजाबाकी उलटी करावी लागते. डोक्याला जे माहीत आहे ते थोडं बाजूला ठेवून डोळ्याला जे दिसतं ते मांडावं लागतं. पण नेहमीच मांडावं लागतं असंही नाही. आपली लघुचित्रं पाहा. राजस्थानी, पहाडी, दख्खनी. त्यांत पिवळं वस्त्र सगळीकडून सारखं पिवळं, घागरा सगळीकडून सारखा लाल. रात्रीचा प्रसंग असला तर आभाळ काळंनिळं, वर चांदण्या, हातात मशाल. पण माणसांचे कपडे मात्र भर दिवसासारखे लखलखीत. हे अडाणीपण नव्हे. त्या चित्रकाराला अमुक घटकेला काय दिसलं हे सांगायचंच नव्हतं. त्याला प्रसंग सांगायचा होता, भाव सांगायचा होता. तिथं अंगचा रंग हाच खरा रंग. आपल्याकडं चित्रकलेची सहा अंगं सांगितली आहेत, त्यांतलं सहावं वर्णिकाभंग, म्हणजे रंगांची समज आणि त्यांची योजना. कुठला रंग निवडायचा, हा निर्णय चित्रकाराचा असतो, हे त्यातून कळतं.

युरोपात या प्रश्नाला मोठी कलाटणी मिळाली ती एका रंगारी खात्यातून, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. पॅरिसला गोबेलँ नावाचा चित्रपट विणण्याचा कारखाना आहे. चित्रपट म्हणजे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं. तिथल्या रंगविभागाचा प्रमुख शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडं तक्रार आली, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या घड्या दाखवताना वापरलेला काळा धागा फिका वाटतो. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता! निळ्या-जांभळ्याला खेटून बसल्यामुळं काळ्याचं तेज हरवत होतं. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, हा नियम त्यानं १८३९च्या ग्रंथात मांडला आणि पुढं अनेक चित्रकारांनी तो मनावर घेतला.

त्यानंतर आले मोने आणि त्यांचे सोबती. मोने यांनी १८९०-९१च्या सुमारास आपल्या गावाजवळच्या शेतातल्या गंजींची पंचवीसेक चित्रं काढली. गंजीचा अंगचा रंग काय? वाळल्या काडाचा, मळकट पिवळा. पण त्या चित्रांत कुठं गंजी केशरी आहे, कुठं जांभळी, कुठं बर्फात निळी. त्यांतली पंधरा चित्रं १८९१च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये एकत्र मांडली गेली. ती गंजींची चित्रं होती असं म्हणण्यापेक्षा, गंजीवरून सरकणाऱ्या उजेडाची होती असं म्हणावं लागेल.

पण उजेडाचा हा खेळ बघायला इतक्या लांब जायची गरज नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात समई-निरांजनासारखा दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताचा आडोसा केलेली तरुणी. बरेच जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. चित्रासाठी उभी होती ती हळदणकरांची मुलगी. त्या चित्रात एकच उजेड आहे, दिव्याचा. तो चेहऱ्यावर येतो, बोटांवर येतो आणि बोटांच्या कडा तांबूस पेटतात. साडीचा अंगचा रंग दिव्याजवळ एक होतो आणि अंधाराकडं जाताना दुसरा. तरीही साडी एकच आहे हे आपल्याला क्षणभरही विसरायला होत नाही. सगळी करामत तिथं आहे.

आणि आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या पदरी असलेले, १९३१ साली गेलेले. रंकाळा, त्याच्या पाण्यातला संध्यामठ, पंचगंगेचा काठ त्यांनी जलरंगांत रंगवला. संध्यामठाचा दगड काळा आहे, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ओल्या संध्याकाळी तो काळा उरतो का, हे बघायला आबालालांसारखं पाण्याच्या काठावर बसावं लागतं.

ज्यांना हौस म्हणून चित्रं काढायची आहेत, त्यांच्यासाठी मित्रांकडून ऐकलेल्या दोन-चार गोष्टी सांगतो. एका जाड करड्या कागदाला शेंगदाण्याएवढं भोक पाडा आणि एक डोळा मिटून त्यातून वस्तूचा एकेक तुकडा पाहा. आजूबाजूचं झाकलं गेल्यानं 'हे पान आहे' हे मेंदू विसरतो आणि रंग जसा आहे तसा दिसतो. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. अंगचा रंग कोणता? उजेड कोणत्या रंगाचा आणि कुठून येतोय? शेजारी काय आहे? जलरंगात आधी अंगच्या रंगाचा पातळ हात द्या, चकाकीच्या जागी कागद कोरा ठेवा, वाळल्यावर सावलीचा हात द्या. आणि सावलीतही अंगच्या रंगाला पारखं होऊ नका. लाल साडीची सावलीतली घडी ही खोल गेलेली लालच असते. तिथं नुसता काळा भरला की साडीला भोक पडल्यासारखं दिसतं. रंगाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वरचा रंग चढवा, पण खालचा मरू देऊ नका.

आता तिसऱ्या धन्याविषयी, म्हणजे डोळ्याविषयी. ही गोष्ट मला सांगायला जरा जड जाते.

अब्बा सत्तरीला आले होते तेव्हाची गोष्ट. एक बाई गडद निळी साडी घेऊन आल्या, तिच्यावर ब्लाउजपीस रंगवून हवा होता. चार दिवसांनी त्या तुकडा घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "चाचा, मी निळा सांगितला होता. हा तर काळा झालाय." अब्बांनी साडी आणि तुकडा शेजारी धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ताई, जुळलाय की." बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी गिऱ्हाइकासमोर अब्बांना म्हणालो, "दिसत नाही तर हात कशाला घालता?" ज्या माणसानं मला रंग बघायला शिकवलं, त्याला मी हे म्हणालो. अब्बा काही बोलले नाहीत. तुकडा घडी करून फळीवर ठेवला आणि त्यानंतर भट्टीपाशी बसले नाहीत.

पुढं तपासणीत कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग नुसतं धूसर होत नाही, बऱ्याचदा पिवळं-तपकिरी होत जातं. पिवळी काच निळा उजेड अडवते. म्हणून अशा माणसाला गडद निळं आणि काळं यांतला फरक कळेनासा होतो. हे इतकं हळूहळू होतं, की त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. अब्बांना साडीही काळी दिसत होती, तुकडाही काळा. त्यांच्या डोळ्यापुरता रंग जुळलाच होता.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर घरी आले, अंगणात खुर्चीवर बसले आणि अम्माला म्हणाले, "दरवाज्याला नवा रंग कधी दिला?" कुणीच दिला नव्हता. दरवाजा वर्षानुवर्षं निळाच होता. मग त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. एका डोळ्याला दरवाजा मळका, दुसऱ्याला निळा. लहान मुलासारखे ते आलटून पालटून बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "फळीवरचा तो तुकडा आण."

तुकडा त्यांनी उन्हात धरला. काळाच होता. काळ्याचा निळा करता येत नाही, ही रंगाऱ्याची अडचण. त्यांनी नवा ब्लाउजपीस आणवला, कित्येक महिन्यांनी भट्टी पेटवली, निळा रंगवला आणि मला त्या बाईंच्या घरी धाडलं. पैसे घ्यायचे नाहीत, असं बजावून.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की मोने यांनाही मोतीबिंदू होता. १९१२ साली त्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेला ते घाबरत राहिले, अखेर १९२३ साली उजव्या डोळ्याची झाली. त्यानंतर त्यांना जग फार निळं दिसू लागलं आणि रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहावे लागले. ज्यानं आयुष्यभर उजेडाचा रंग टिपला, त्यालाही डोळ्याचा रंग चुकला नाही. ते वाचताना मला मोने कमी दिसत होते, अंगणातल्या खुर्चीवरचे अब्बा जास्त.

अब्बा आता नाहीत. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पण तेव्हापासून एखाद्याला एखादी गोष्ट माझ्यापेक्षा वेगळी दिसते म्हणाला, तर मी लगेच त्याला चूक ठरवत नाही. आधी विचारतो, तो कुठल्या उजेडात उभा आहे. मग माझ्या डोळ्यांवर कुठली काच आहे, तेही तपासतो. आणि तरीही वाद मिटला नाही, तर आमच्या दुकानातला उपाय आहेच. दोघांनी ती वस्तू घ्यावी, पायरी उतरावी आणि बाहेर उजेडात नेऊन बघावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)